लेकीचा व्हिसा लेकीच्या गावी

कोथरूडहून एका वाचक आजींचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते:

"येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला ४५ वर्षं होतील. त्यानिमित्त युरोपला जायचं घाटतंय. मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट मात्र भारताचाच. जावई आणि नऊ वर्षांची नात अमेरिकेचे नागरिक. मुलगी नातीला घेऊन एप्रिलच्या शेवटी पुण्याला येईल, मग आम्ही चौघं मुंबईहून पॅरिसला जाऊ, जावई परस्पर तिथे येतील. पॅरिसला ४ रात्री, स्वित्झर्लंडला ५, इटलीत ५. माझ्या नणंदबाई म्हणतात, ग्रीन कार्डवाल्यांना युरोपचा व्हिसा लागत नाही, त्यांचा पुतण्या असाच जाऊन आला. एजंट म्हणतो, लागतो, पण तुमच्या तिघांचा इथूनच एकत्र करून टाकू. जावई म्हणतात, सिटिझनशिप घेऊन टाक, कटकटच नको. त्यावरून त्या दोघांत धुसफूस चालली आहे. मी मुलीशी बोलू का? शिवाय आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे, पासपोर्टवर जुना पत्ता आहे. आणि जावयांना हापूस फार आवडतो, पॅरिसला एक पेटी नेता येईल का?"

नमस्कार ताई,

४५ वर्षांबद्दल आधी दोघांचंही अभिनंदन. आता तुमच्या नणंदबाईंपासून सुरुवात करते, कारण त्यांचं म्हणणं मी आजवर इतक्या घरांत ऐकलंय की ती आता लोककथाच झाली आहे. त्यांचा पुतण्या व्हिसाशिवाय पॅरिसला गेला असेल, तर त्याच्या खिशात अमेरिकेचा पासपोर्ट होता. एकदा विचारून बघा. युरोपच्या दारावर पहिल्यांदा बघतात तो पासपोर्ट. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहायची परवानगी. फ्रान्सला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. तुमची लेक न्यू जर्सीत पंधरा वर्षं राहो की पन्नास, पासपोर्ट भारताचा आहे तोवर तिला शेंगेन व्हिसा (फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली धरून युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) लागणार. तुम्हा दोघांना लागतो तसाच, तेवढ्याच ९० युरो फीचा. (११ जून २०२४ पासून ही फी मोठ्यांना ९० आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.) जावई आणि नात अमेरिकन पासपोर्टवर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहू शकतात. म्हणजे एकाच घरातली माणसं एकाच टेबलावर जेवतात, पण विमानतळावर त्यांच्या रांगा वेगळ्या.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगून ठेवते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूरचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, किंवा ब्रिटनचा तसाच परवाना असला, तरी भारतीय पासपोर्टवर हेच लागू. आयर्लंडचंसुद्धा! डब्लिनला राहणारी तुमची भाची युरोपीय संघात राहते, पण आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. उलट जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा शेंगेनमधल्याच देशाचा वास्तव्य परवाना असेल, तर बाकीच्या शेंगेन देशांत ९० दिवस फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. 'परदेशी पीआर' या एकाच शब्दाखाली लोक या दोन्ही गोष्टी घालतात, आणि तिथेच घोळ होतो.

आता तुमचा एजंट. लागतो म्हणाला ते बरोबर. 'इथूनच करून टाकू' म्हणाला, तिथे मला राग आला. शेंगेनचा साधा नियम असा की माणूस कायदेशीररीत्या जिथे राहतो, तिथल्या कचेरीत त्याने अर्ज करायचा. राहत नाही पण सध्या तिथे आहे, अशा माणसाचा अर्ज घेता येतो, मात्र आपल्या राहत्या गावी अर्ज का करता आला नाही याचं पटेल असं कारण त्याला द्यावं लागतं. 'आईबाबांबरोबर एकत्र करायचा होता' हे कारण तुम्हाआम्हाला पटतं, खिडकीपलीकडच्या माणसाला नाही.

माझा एक चुलतभाऊ सिंगापूरचा पीआर. बरीच वर्षं झाली या गोष्टीला. दिवाळीत पुण्याला आला आणि आमच्याबरोबरच अर्ज करायचं ठरवलं. एजंटने बिनधास्त होकार दिला. खिडकीवरच्या मुलीने फाइल उघडली, सिंगापूरची सॅलरी स्लिप बघितली, आणि मिटून परत दिली. आम्ही सगळे गेलो, तो सिंगापूरला परतला. त्याच्या हॉटेलचे पैसे बुडाले ते वेगळेच. एजंट म्हणाला, "कधी कधी घेतात हो." आजही त्याच्यासमोर स्वित्झर्लंडचं नाव काढायची सोय नाही.

समजा, घेतला अर्ज. मग काय? अर्जावर निर्णय द्यायला त्यांना १५ दिवस असतात आणि गरज पडली तर ते ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. लेक एप्रिलच्या शेवटी येणार, मेमध्ये निघायचं. मे म्हणजे पुण्या-मुंबईतल्या निम्म्या लोकांना आल्प्सचा बर्फ आठवायचा महिना. त्या गर्दीत तिचा पासपोर्ट तिकडे अडकला, तर तुमचं लक्ष सहलीत राहील का?

म्हणून माझं ठाम मत: लेकीने अर्ज अमेरिकेतच करावा, ती राहते त्या राज्याचं काम बघणाऱ्या कचेरीकडे, आणि भारतात यायला निघण्यापूर्वी व्हिसा हातात घ्यावा. सहलीच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. फेब्रुवारीत तिचा अर्ज गेला पाहिजे. लक्षात घ्या, अर्जाबरोबर पासपोर्टही जातो, आणि भारतात यायला तिला तोच पासपोर्ट लागणार. तिने मार्चअखेर अर्ज केला तर एप्रिलमध्ये ती पासपोर्टची वाट बघत बसेल आणि तुम्ही तिची.

तुम्ही दोघांनी इथे करावा. पुण्यात बऱ्याच देशांची अर्ज घेणारी केंद्रं आहेत, काहींसाठी मुंबई गाठावी लागते. पहिलाच शेंगेन व्हिसा असल्याने बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागेल. एकदा दिलेले ठसे पुढे ५९ महिने चालतात.

आता खरी मेख. अर्ज दोन खंडांतून जाणार, पण सहल एक आहे, म्हणून देश एकच हवा. कोणत्या देशाकडे अर्ज करायचा? जिथे सगळ्यांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे. तुमचा हिशोब ४-५-५ आहे. स्वित्झर्लंड आणि इटली बरोबरीत. मुख्य देश ठरत नसेल, तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार त्या देशाकडे जायचं, म्हणजे फ्रान्स, जिथे तुम्ही सगळ्यांत कमी राहणार! तुम्ही पुण्यात एक अर्थ लावाल, लेक तिकडे दुसरा, आणि एकाच कुटुंबाचे दोन अर्ज दोन देशांकडे जातील. त्यापेक्षा एक रात्र हलवा. ४-६-४ करा, स्वित्झर्लंड पुढे जाईल आणि वादच मिटेल. आत शिरायचं मात्र पॅरिसलाच, त्याला काही हरकत नाही.

पण रात्र हलवण्याआधी एक काम करा. लेकीला सांगा, तिच्याकडे कोणत्या देशाच्या अपॉइंटमेंट मिळताहेत ते आधी बघ. बहुतेक वेळा अडतं ते तिथेच. स्वित्झर्लंडची तारीख मिळत नसेल आणि इटलीची मिळत असेल, तर ४-४-६ करा. मात्र केलं तर खरंच करा. कागदावर इटली सहा रात्री आणि प्रत्यक्षात दोन, असला उद्योग करू नका. तारीख मिळाली की दोन्हीकडच्या अर्जांना एकच कार्यक्रमपत्रिका जोडायची. त्याच तारखा, तीच हॉटेलं, त्याच गाड्या.

पत्रिकेबरोबर एक पानाचं पत्र जोडतात. त्यात पाल्हाळ नको. "आम्ही पती-पत्नी आमच्या लग्नाच्या ४५व्या वाढदिवसानिमित्त जात आहोत. सोबत आमची मुलगी, भारतीय पासपोर्ट, वास्तव्य न्यू जर्सी, तिचा अर्ज अमेरिकेत केला आहे. नात आणि जावई, अमेरिकन पासपोर्ट. चौघे मुंबईहून पॅरिसला, जावई न्यूअर्कहून पॅरिसला. परतताना आम्ही मुंबईला, ते तिघे न्यूअर्कला." एवढंच. खर्च कोण करणार, ते एका वाक्यात. लेकीने आपल्या पत्रात हेच उलट बाजूने लिहायचं, आणि तिच्या अर्जात अमेरिका ते मुंबई हे तिकीटही दाखवायचं. नाहीतर अमेरिकेत राहणारी बाई मुंबईहून का निघते, हा प्रश्न पडणारच.

तिच्या तिकिटाबद्दल एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती मात्र नीट वाचा. अमेरिकेहून मुंबईला येताना ती युरोपात विमान बदलणार असेल, तर एकाच विमानतळावर आतल्या आत बदलायचं. तेवढ्यासाठी काही देश भारतीयांकडून विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा मागतात, पण अमेरिकेचं वैध ग्रीन कार्ड असणाऱ्याला त्यातून सूट आहे. (ग्रीन कार्ड युरोपात कामी येतं ते इथे!) पण तिकीट न्यूअर्क–पॅरिस–फ्रँकफर्ट–मुंबई असं निघालं, तर पॅरिस ते फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या आतला प्रवास झाला. म्हणजे ती पॅरिसला शेंगेनमध्ये शिरली. तिच्या व्हिसावर एकच प्रवेश असेल आणि तारखा अजून सुरू झालेल्या नसतील, तर तिला मुळात चढूच देणार नाहीत. तारखा सुरू झालेल्या असतील, तर तो एक प्रवेश तुमच्या सहलीआधीच खर्ची पडेल. थेट विमान घ्या किंवा आखातावरून या, स्वस्तातल्या दोन थांब्यांच्या तिकिटाचा मोह नको.

व्हिसा हातात आला की स्टिकर वाचायचा. लोक फोटो बघतात, 'किती वाईट आलाय' म्हणतात आणि पासपोर्ट मिटतात. तीन ठिकाणी बोट ठेवा. कधीपासून कधीपर्यंत, प्रवेश किती, आणि दिवस किती. तारखांमधलं अंतर आणि दिवसांचा आकडा एकच नसतो. तारखा महिनाभराच्या असतील आणि दिवस १५ असतील, तर राहता येतं १५च दिवस, आणि त्यात पोहोचायचा आणि निघायचा, दोन्ही दिवस धरतात. तुमच्या १४ रात्री म्हणजे १५ दिवस. काठावर आहात. अर्जात दिवस मोजून लिहा, रात्री नव्हे.

लेकीने ग्रीन कार्डावरची मुदत आजच बघावी. युरोपातून बाहेर पडल्यावर निदान ३ महिने तरी ते चालू असावं, असं धरून चाला. पासपोर्टलाही तोच ३ महिन्यांचा नियम आहे, शिवाय तो गेल्या १० वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. तुम्हा दोघांनाही हे लागू.

नात आईबरोबर येणार आणि बाबा नंतर भेटणार, तर जावयांचं संमतिपत्र आईच्या पर्समध्ये असू द्या. कुणी विचारलं नाही तर उत्तम.

तुमच्या पत्त्याचं. अहो, पुण्यात सध्या कुणाची सोसायटी पाडलेली नाही? फॉर्मवर आज जिथे राहता तोच पत्ता लिहा, नोंदणी केलेला भाडेकरार आणि बँकेच्या स्टेटमेंटवरचा पत्ता त्याच्याशी जुळवून घ्या, आणि त्या एका पानाच्या पत्रात 'इमारतीचा पुनर्विकास सुरू असल्याने' एवढा उल्लेख करा. जुना पत्ता पासपोर्टवर आहे म्हणून फॉर्मवरही तोच ठोकून देऊ नका. पासपोर्ट कुरिअरने घरी मागवलात, तर कुरिअरवाला पत्र्याच्या कुंपणासमोर उभा राहील.

पैशांचं म्हणाल तर पेन्शन जमा होणारं खातं, आयकर विवरणपत्रं, मुदत ठेवी, एवढ्यावर बहुतेक भागतं. लेक खर्च करणार असली तरी स्वतःचं दाखवण्यासारखं असेल तर दाखवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम पाच लाख आणून ठेवायची युक्ती कुणी सुचवेल. नका ऐकू. तीन-सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतात ते हेच बघायला.

विमा किमान ३० हजार युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पण तो व्हिसापुरता. तुमच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाल्याचं तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात लिहिलं आहे, म्हणून सांगते: स्वस्तातल्या पॉलिसीत आधीच्या आजाराला बहुधा कात्री लावलेली असते. ते बारीक अक्षरातलं पान भिंग घेऊन वाचा, आणि आजार लपवू नका.

एक गंमत सांगू? १८ एप्रिल २०२४ला युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी खास सवलत ठरवली. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा मिळायची वाट मोकळी होते, त्यानंतर पाच वर्षांचा. तुम्ही दोघं त्यात बसता. लेक बसत नाही, कारण ती भारतात राहत नाही. तिला सर्वसाधारण नियम, जरा जास्त पायऱ्यांचा. ग्रीन कार्डवालीपेक्षा कोथरूडकर वरचढ, असा प्रसंग विरळाच, तेव्हा नणंदबाईंना जरूर कळवा.

आता सिटिझनशिपचं. तुम्ही मुलीशी बोलू का विचारलंत. नका बोलू. जावई चुकीचं बोलत नाहीत. अमेरिकन पासपोर्ट असता तर वरची निम्मी कटकट नसती. पण भारत दोन नागरिकत्वं मान्य करत नाही. अमेरिकेचं घेतलं की हा पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) यायचं. त्यावर येणं-जाणं-राहणं होतं, मतदान होत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. काहींना या गोष्टींचं काहीच वाटत नाही, काहींना त्या निळ्या पासपोर्टचं फार वाटतं, आणि का वाटतं ते नवऱ्यालाही समजावता येत नाही. तुमच्या लेकीने इतकी वर्षं हात लावलेला नाही, म्हणजे तिने काहीतरी ठरवलेलं आहे, किंवा ठरवायचं टाळलं आहे. दोन्ही तिचंच. चौदा रात्रींच्या सहलीसाठी हा विषय आईने काढला तर तिला वाटेल, आईसुद्धा तिकडची झाली. आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी आत्ता अर्ज करून मेपर्यंत काही ते हातात पडायचं नाही. जावयांनी तुमच्यापाशी विषय काढला तर म्हणा, "या वेळी व्हिसा काढू या, तुमची मदत लागेल," आणि अपॉइंटमेंट शोधायचं काम त्यांच्याकडे सोपवा. रात्री दोनला उठून वेबसाइट बघायला माणूस लागतोच.

एजंट ठेवायचा असेल तर तुमच्या दोघांच्या फाइलपुरता ठेवा, हरकत नाही. फॉर्म भरणं, कागद लावणं यात मदत होते. पण खोटं हॉटेल बुकिंग लावून देतो म्हणाला, तर चहा न घेता उठा. अर्जावर सही तुमची असते.

राहता राहिला हापूस. नाही नेता येणार. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला बहुतेक ताज्या फळांसाठी रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे, आंब्याला नाही. दुधाचे पदार्थही बंद, म्हणजे आंबा बर्फीची पळवाटसुद्धा बुजली. बाकरवडी न्या खुशाल. पेटी लेक आणि नात आल्या की कोथरूडलाच फोडा, आणि जावयांना कळवा की हापूस खायचा तर न्यूअर्कहून पॅरिसऐवजी मुंबईचं तिकीट काढा. ओसीआय काढलेलं नसेल, तर अमेरिकन पासपोर्टवर भारताचा व्हिसा लागतो म्हणावं.